टिकलीचा होकार

लहानू भोये भला माणूस होता, असं गोठ्यावर सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याच्याबरोबर पाच महिने काम केलं आणि मला तो भला वाटला नाही. मीही भली नाही, पण मी निदान तसा आव आणत नाही.

गोठा सुनील शेठचा, मखमलाबादच्या पुढे. त्याच्या बापाची झेंडू-शेवंतीची शेती होती, फुलं पंचवटीच्या बाजारात जायची. सुनीलने फुलशेती मोडली आणि साठ परदेशी एचएफ गाई आणल्या. या गाई दिसायला कपाटाएवढ्या आणि तब्येतीने नाजूक. बसायची जागा जरा ओली राहिली, सडाला कुठे ओरखडा आला, की झालीच दगडी. कास सुजून कडक होते, गाय हात लावू देत नाही, दुधात गुठळ्या येतात. औषधाची सुई टोचली की पुढचे चार-पाच दिवस दूध ओतून द्यायचं, कारण संकलन केंद्रावर दुधात औषधाचा अंश सापडला तर ते दूध घेत नाहीत. शेठ रोज नालीत जाणाऱ्या त्या दुधाकडे बघत शिव्या घालायचा. म्हणून डॉक्टर तृप्ती जेव्हा म्हणाल्या की औषधाशिवाय दगडी उतरवून दाखवते, तेव्हा त्याने त्यांना पेंडीची कोठी रिकामी करून दिली.

डॉक्टर तृप्ती पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवायच्या आणि त्यांचा प्रयोग रक्ताचा होता. मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. कासेत जंतू शिरला की गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. जंतू मारायचा आणि परत फिरायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या परत फिरत नाहीत. जंतू मेला तरी त्यांची जाळपोळ चालूच राहते, आणि कासेचं खरं वाटोळं जंतूपेक्षा त्याच करतात. गाईचं रक्त यंत्रात फिरवलं की वर पिवळा भाग येतो, प्लेटलेटने भरलेला. तो सडातून आत सोडला की या पेशींचा आग्या वेताळ थंड होतो. असा त्यांचा दावा होता, आणि खोटं कशाला बोलू, तो खरा निघाला.

मी ज्योत्स्ना, पंचवटीतली, त्या प्रयोगावरची कंत्राटी टेक्निशियन. रक्त फिरवायचं, पिवळा भाग काढून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुधातल्या पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, हे माझं काम. प्रयोग पुरा झाला की शोधनिबंधावर चौथं नाव माझं येणार, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. चौथं. ते नाव इंग्रजीत कसं दिसेल हे मी वहीच्या मागच्या पानावर किती वेळा लिहून पाहिलं, त्याची मला आज लाज वाटते.

सुरुवातीला ज्या गाईला दगडी, तिचंच रक्त घ्यायचो. पण आजारी एचएफ सुई बघून लाथा झाडायची, आणि तिचं रक्तही काही धड नसायचं. डॉक्टरांना एखादी निरोगी, शांत गाय हवी होती, जिचं रक्त सगळ्यांना वापरता येईल. इथे लहानूचा संबंध आला.

लहानू पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. पन्नाशीचा, काटकुळा, दात तंबाखूने खाल्लेले. पूर्वी द्राक्षाच्या छाटणीला यायचा, मग सुनीलकडे गुरांवर टिकला. कोणतंही जनावर त्याच्या हाताखाली उभं राहायचं. मानेवर अंगठा दाबला की शीर अशी फुगून यायची की आंधळ्यानेही सुई घालावी. आणि दुधाच्या गोठ्यावर राबून हा माणूस कोरा चहा प्यायचा. गाईचं दूध त्याने जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. "ता वासराचा हाय," म्हणायचा. शेठ त्याला मुद्दाम भरलेला पेला पुढे करून हसायचा. लहानू सगळ्यांना अरे-तुरे करी, शेठला, डॉक्टरांना, मला. त्यांच्या बोलीत 'तुम्ही' नसतंच. पहिल्या दिवशी मला राग आला होता, मग सवय झाली.

डॉक्टर निरोगी गाय शोधतायत हे कळताच तो म्हणाला, "माझ्या घरी टिकली हाय. डांगी. सात येता झाल्या, सात वासरा दिली, एकदा दगडी नाय, गोचीड नाय. तिच्यासारखा रक्त तुला नाशकात नाय मिळायचा."

गाय खरं तर त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, नवसाबाईची. तिच्या बापाने लग्नानंतर तिला कालवड दिली होती, तिच्याच वंशातली ही. नवसाबाई नको म्हणाली. रक्त काढायला गाय कोण देतं, म्हणाली. लहानूने ऐकलं नाही. शेवटी तिने बजावलं की शिमग्याला टिकली पाड्यावर परत आली पाहिजे, आणि गाईशिवाय आलास तर दारात पाय ठेवू नकोस. हे सगळं लहानूनेच आम्हाला पिकअपमधून गाय उतरवताना हसत हसत सांगितलं. बायको चिडते याचं त्याला भारी कौतुक होतं.

आणि त्याने हे कशासाठी केलं? ॲप्रनसाठी. डॉक्टरांनी त्याला एक जुना पांढरा ॲप्रन दिला होता. शेठ त्याला 'लहानू डॉक्टर' म्हणू लागला. गोठ्यावरची बाकीची गडीमाणसंही चेष्टेने तसंच म्हणायची, पण लहानूला ती चेष्टा कळायची नाही, किंवा कळून आवडायची. शेठने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला आणि तो चढला. ॲप्रन घालून तो चहाच्या टपरीवर जायचा.

डोंगरातल्या डांगी जातीची टिकली लहानखुरी होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, डोळे काजळ घातल्यासारखे. तपासणीत तिचं रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी नियम घालून दिला की महिन्यातून एकदा, दोन लिटर, त्यावर एक थेंब नाही. पहिल्या दिवशी मी पिशव्या घेऊन तयार उभी राहिले, तर लहानू सुईला हात लावेना. त्याने स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, धान्याच्या देवीचं, कणसरीचं, आणि वाघदेवाचं नाव घेतलं आणि टिकलीच्या पाठीवर पाणी शिंपडलं. मग हात जोडून उभा राहिला.

"हे काय?" मी विचारलं.

"इचारतोय तिला."

त्यांच्याकडे देवाला बोकड द्यायचा असला तर आधी त्याच्यावर पाणी शिंपडतात. बोकडाने अंग झाडलं तर देवाने घेतला. नाही झाडलं तर थांबायचं, सकाळची दुपार झाली तरी थांबायचं. रक्त काढायचं म्हणजे तेच, असं लहानूचं म्हणणं. टिकलीने दोन क्षणांत कानांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, थेंब माझ्या चष्म्यावर उडाले, आणि लहानूने खुशीत अंगठा तिच्या मानेवर ठेवला. तिने मान हलवली नाही. डॉक्टर तृप्तींना ते फार आवडलं. त्यांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओही काढला.

ऑक्टोबरात एकदा टिकलीने अंग झाडलंच नाही. लहानूने तीनदा पाणी शिंपडलं. ती रवंथ करत उभी. शेठ ओरडला, गाय आहे का देवी, म्हणाला. लहानू जागचा हलला नाही. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, जाऊ दे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तिने झाडलं. मला तेव्हा त्याच्याबद्दल आदर वाटला होता, हे मी लपवत नाही.

दिवाळीपर्यंत आकडे असे आले की डॉक्टरांचा चेहरा उजळला. सुजलेल्या कासा चार दिवसांत मऊ पडत होत्या, दुधातल्या पांढऱ्या पेशी दहा लाखांवरून दोन लाखांवर उतरत होत्या, आणि एक लिटरही दूध ओतावं लागत नव्हतं. मग डॉक्टर तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला परराज्यात गेल्या. जाताना म्हणाल्या, ज्योत्स्ना, आता तूच बघायचं. एवढ्याशा वाक्याने मी फुगले.

त्या गेल्या आणि शेठ कोठीत आला. प्रयोगात बारा गाई होत्या, त्याला तो पिवळा डोस सगळ्या साठ गाईंना हवा होता. दगडी झालेल्यांना, होईल असं वाटणाऱ्यांना, शेजारच्या पाहुण्याच्या गाईलाही. टिकलीचं रक्त काढायचं ते महिन्याचे पंधरा दिवस झाले, पंधराचा आठवडा झाला, आणि डिसेंबरात आठवड्यातून दोनदा. मी नाही म्हणू शकले असते. कोठीची किल्ली माझ्याकडे होती. पण शेठ बिथरला असता तर प्रयोग बंद पडला असता, आणि माझं चौथं नाव गेलं असतं. मी शेठला एवढंच म्हणाले, "जरा जास्त होतंय हो." तो म्हणाला, "गाय खाते ना? मग येतं भरून." आणि विषय संपला.

भरून येत नव्हतं. रक्त नळीत फिरवलं की खाली लाल आणि वर पिवळं बसतं. सप्टेंबरात टिकलीच्या नळीत लाल भाग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होता. डिसेंबरच्या सुरुवातीला तो पाचव्या हिश्श्यावर आला. त्यानंतर काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी मोजणंच थांबवलं. मोजलं असतं तर लिहावं लागलं असतं. डॉक्टर दर रविवारी फोन करायच्या. टिकली कशी आहे, विचारायच्या. मी म्हणायचे, बरी आहे. लहानू तेव्हा तिथेच दारात उभा असायचा.

लहानूचा पेला मात्र चालू होता. त्या महिन्यात नाशिकला कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी आठ वाजता तो पेला घेऊन यायचा, पाणी शिंपडायचा, आणि टिकली थरथरायची. नंतर नंतर तर पाणी पडायच्या आधीच थरथरायची. आणि लहानू माझ्याकडे बघून दात काढायचा. "बघ, आता तर इचारायचा पण काम नाय. ती सोताच हो बोलती."

गार पाणी पडल्यावर जनावर अंग झाडतं ते डोक्याकडून, एकदाच, जोरात, आणि थांबतं. रक्त आटलेलं जनावर मागच्या मांड्यांतून कापायला लागतं आणि थांबत नाही. पुस्तकात वाचावं लागत नाही ते, नुसतं बघितलं की दिसतं. मला दिसत होतं. गाय जितकी खचत होती तितका तिचा होकार पक्का होत चालला होता, आणि त्या होकाराच्या जिवावर मी पिशव्या भरून घेत होते. एकदा मी विचारलं, "लहानू, तिला थंडी तर वाजत नाही ना?"

"डांगी हाय ती. धो-धो पावसात चरती. हिला कसली थंडी?"

असं म्हणाला, पण दुपारी त्याने तिच्या पाठीवर पोतं बांधलं. आणखी एक सांगते. एका सकाळी मी कोठीच्या खिडकीतून पाहिलं, तो टिकलीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आत बघत होता. रक्त आटल्यामुळे आतला भाग चुन्यासारखा पांढरा असणार. त्याने पापणी सोडली, इकडे तिकडे पाहिलं आणि ॲप्रनची बटणं लावली. मी खिडकीतून मागे सरले. आम्ही दोघांनीही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. त्या दिवशी दोन गाईंना डोस द्यायचा होता आणि फ्रीजमध्ये तीन डोस पडून होते. मी शेठला तसं सांगितलं. "वर असू दे की दोन," तो म्हणाला आणि मोटारसायकल काढून गेला. लहानूने पाणी शिंपडलं. टिकली थरथरली. सुई घातली तर रक्त बारीक धारेने आलं, पाण्यासारखं पातळ. पहिली पिशवी अर्धी भरली आणि ती पुढच्या गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. मी सुई काढायला सांगितली. लहानूने मात्र अंगठा आणखी दाबून धरला होता. तो मला म्हणाला, "थांब, पिशवी भरती." मी त्याचा हात झटकून सुई ओढली.

गुरुवारी सकाळी मी आले तेव्हा ती मेलेली होती. पोतं पाठीवर तसंच होतं. शेठने जेसीबी बोलावला, मागच्या बांधाला खड्डा करून तिला पुरली, आणि दुपारी बारापर्यंत तिथली जागा झाडून धुऊन नवी कालवड बांधली. ती अर्धी पिशवी मी यंत्रात फिरवली होती. वरचा पिवळा भाग इतका पातळ निघाला की उपयोगाचा नव्हता. मी ती मोरीत ओतली.

लहानू रडला नाही. मला वाटलं होतं रडेल, मी दोन शब्द बोलेन आणि दोघांचंही ओझं थोडं उतरेल. तर हा उकिडवा बसून कोरा चहा पीत होता. "देवाला गेली," म्हणाला. "तिचा तिनी दिला. दर टायमाला हो बोलली, तू पाहिलास ना?" त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला दोन आठवडे झोप नव्हती आणि याला देवाने सोडवून टाकलं होतं.

पुढचे काही दिवस तो असाच होता. मग एका दुपारी कोठीच्या दारात येऊन उभा राहिला. ॲप्रन नव्हता घातलेला. हातात मोबाइल.

"नवसा फोनवर हाय. तिला सांगितला मी, गाय गेली म्हणून. तिचा माझ्यावर इश्वास नाय. तू शिकलेली, तू सांग तिला. टिकलीनी सोता दिला म्हणून सांग."

मी म्हणाले, मला नको यात ओढू. तो दारातून हलेना. शिमगा दीड महिन्यावर आला होता आणि गाईशिवाय घरात जायला त्याच्याजवळ हा एकच शब्द होता, तो माझ्या तोंडून वदवून घ्यायला तो आला होता. त्याने फोनचा स्पीकर चालू केला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"नवसाबाई, मी ज्योत्स्ना बोलते. गोठ्यावरची."

"बोल बाई." आवाज थकलेला होता, पण ठाम.

"लहानू खरं सांगतोय. दर वेळी त्याने पाणी शिंपडलं. दर वेळी तिने अंग हलवलं. मी समोर होते."

लहानूने सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. मग नवसाबाईने विचारलं, "कुठून हलवायची?"

"म्हणजे?"

"डोक्याकडून झाडायची, का मागल्या मांड्या कापायच्या?"

मी लहानूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या त्या बघण्यावरून मला कळलं की हा फरक त्यालाही माहीत होता, पहिल्या दिवसापासून. ज्याने जन्मभर बोकडांवर पाणी शिंपडलं त्याला माहीत नसणार तर कुणाला? 'डोक्याकडून,' एवढाच एक शब्द बोलायचा होता. दिवाळीपासून मी दर रविवारी डॉक्टरांशी जे खोटं बोलत आले होते, त्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं. आणि त्या शब्दाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. गाय मेली होती, ती काही परत येणार नव्हती. पण त्याचं ते चहा पितानाचं तोंड मला आठवलं. त्याने सुटून जावं आणि मी एकटीनेच जळत राहावं, हे मला सहन होईना. मी भल्यासाठी खरं बोलले असं कुणी समजू नये.

"मांड्या कापायच्या," मी म्हणाले. "दिवाळीनंतर कायमच."

"बरा," नवसाबाई म्हणाली. "त्याला सांग, आता तिथंच रहा." फोन बंद झाला.

लहानूने मोबाइल उचलला. मला वाटलं शिवी देईल. मी त्याची तयारीही करून उभी होते. तो बाहेर गेला, दोन पावलं जाऊन परत आला, आणि अगदी साध्या आवाजात, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं:

"खोटा का नाय बोललीस? गाय जित्ती व्हती तवर तर बोलत व्हतीस."